सवाष्ण उठेपर्यंत

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी गंगूबाईला जेवू घालायचं काम लग्नापासून सुप्रियाकडे होतं, आणि एवढ्या वर्षांत गंगूबाईची एकदाही तक्रार आली नव्हती. तशी ती येण्यासारखी नव्हतीच. गंगूबाईला, म्हणजे सुप्रियाच्या आजीला, जाऊन पन्नासावर वर्षं झाली होती. पण रिसोडच्या त्या मळ्यात मेलेल्या माणसांच्या तक्रारी निरनिराळ्या मार्गांनी येत. सुप्रियाच्या आधी शेजारची देवला सवाष्ण म्हणून बसायची. देवला पाखरासारखी जेवायची. एका अखजीला तिनं पानात अर्धा वडा टाकला आणि त्या हंगामात गवारीवर असा मावा पडला, की बाजारात न्यायला शेंग राहिली नाही. कृषी खात्याच्या माणसानं वेगळं कारण सांगितलं, पण तो परजिल्ह्यातला होता.

गंगूबाई कुंकवानं गेली, म्हणून तिच्या नावानं सवाष्ण बसवायची. सवाष्ण जेवते ते गंगूबाईला पोचतं. एकदा वाढलेलं पानातून परत काढायचं नाही, सवाष्णीनं पानात टाकायचं नाही, आणि ती उठेपर्यंत घरातल्या कुणी पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. लेक परघरची झाली की तिला बसवायला हरकत नाही, असा निकाल खुद्द गंगूबाईच्या नवऱ्यानं, म्हणजे पुंजाजीनं दिला होता. त्याच्यापुढे अपील नव्हतं.

पहिल्या वर्षी सुप्रिया बसली तेव्हा पोळ्या किती झाल्या ते कुणी मोजलं नाही. लेकीच्या पोळ्या मोजू नयेत. पण रसाचं पातेलं दोनदा आत गेलं आणि दोनदा खरवडून बाहेर आलं. पुंजाजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आज जेवली वं माही गंगू," म्हणाला.

या वर्षी पंचाईत होती. दसऱ्यानंतर नागपूरला सुप्रियाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून एका केळाएवढी ठेवली होती. ही बाब रिसोडात सांगण्यासारखी नव्हती. पोट कमी करायला पोट कापलं, हे ऐकून लोकांनी काय समजावं? म्हणून जिजाबाईनं लेकीला पित्ताचे खडे झाल्याचं जाहीर केलं. खड्यांना समाजात मान आहे.

"खडे काढले आन पोरगी अर्धी झाली?" बाजारात बायका विचारत.

"मोठे होते," जिजाबाई म्हणे.

*

सकाळपासून चुलीपाशी तिघी होत्या. जिजाबाई पुरण वाटत होती, अनसिंगहून आलेली वैजयंती आत्या कुरडया तळत होती आणि सुप्रिया आंबे पिळत होती. हे काम तिनं मुद्दाम मागून घेतलं होतं. लहानपणी कोया चोखायचा हक्क तिचा असायचा. परकर वर खोचून, ओट्यावर पाय सोडून, कोपरापर्यंत पिवळी होऊन ती एकेक कोय पांढरी होईस्तोवर चोखायची. मग चिंचेच्या फांदीला बांधलेला झोका, मग पुन्हा भूक. त्या भुकेची तिला आता मायेच्या माणसासारखी आठवण येई. गेली होती ती भूक. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पिशवीच्या कापलेल्या भागाबरोबर भूकही बरीचशी जाते. जाताना निरोप घेऊन गेली असती तर बरं झालं असतं, असं सुप्रियाला वाटायचं.

"काल तुही सासू फोनवर होती," जिजाबाई पाट्यावरून मान वर न करता म्हणाली.

"काय म्हने?"

"काय म्हनन? म्हने, आता आंग हलकं झालं, पाळीबी टाईमावर येऊन राह्यली, मंग हे दोघं कायची वाट पाहून राह्यले?"

"तिले पाळीचं कोनं सांगतलं?"

जिजाबाईनं पुरण जास्तच बारीक वाटायला घेतलं.

"वहिनी खरं बोलून राह्यली," आत्या झाऱ्या निथळत म्हणाली. "तेहतीस भरले नं तुले? बाईचं वय म्हंजे उन्हातली कोथमीर. सकाळी जुडीले धा रुपये, दुपारी फुकट."

"डॉक्टर म्हनते दीड वर्स थांबा, आत्या. आता सात महिने झाले."

"डॉक्टरच्या घरी पाळणा हालाचा हाय का?" जिजाबाई म्हणाली. "इतके वर्स म्हने वजनानं राहून नाई राह्यलं. उतरलं वजन! आता म्हने वजन उतरलं म्हून थांबा. यायले काय, एक ना एक कारन पाह्यजेच."

सुप्रियानं पुढचा आंबा पिळायला घेतला. खरं सांगायचं तर ती मनातून आईच्याच बाजूची होती. ऑपरेशन केलं ते आरशासाठी नव्हतंच. आठ-आठ महिने न येणारी पाळी आता पगारदार माणसासारखी महिन्याच्या महिन्याला येत होती, आणि दर महिन्याला तिला वाटे, हाही गेला. कारंज्याहून निघताना एसटीत तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं: "अखजीपर्यंत डॉक्टरचं ऐकलं. आज काय ते ठरवू. मंग थांबनं बंद."

धीरज "हाव" म्हणाला होता. धीरज सगळ्यांनाच हाव म्हणायचा. तो विमा विकायचा.

आत्ताही तो ओसरीवर सासऱ्यांशी बोलत होता आणि खिडकीतून ते चुलीपर्यंत ऐकू येत होतं.

"तुमाले समजून सांगतो, मामा. पॉलिसी काढली का दुसऱ्याच दिवशी क्लेम करता येते का? नाई. वेटिंग पिरियड असते."

"आमच्या वक्ताले नव्हता तो," दौलतराव म्हणाले.

"सध्या तिचं शरीर, डॉक्टर म्हनते, साठवलेलंच खाऊन राह्यलं. लोह कमी, बी-बारा कमी. केस जाऊन राह्यले मुठीमुठीनं. त्याच्यात लेकरू राह्यलं तं ते कोठून घेईन? तिच्या हाडातून घेईन."

"हे तुमी तिले सांगतलं?"

"नाई."

"काहून?"

"ते रागावते."

दौलतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हा माणूस लेकीच्या लहानपणी तिला दर आठवडी बाजारात भाजीच्या मोठ्या काट्यात बसवायचा आणि समोरच्या पारड्यात वांगी टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "पाहा, किती वांगे लागते माह्या पोरीले!" गिऱ्हाइकं हसत आणि ती वांगी हातोहात खपत. सुप्रियाला त्या पारड्याचा डुगडुगता थंडपणा अजून आठवत होता. आपण जड आहोत ही तेव्हा आनंदाची बातमी होती. ती वाईट बातमी कधी झाली, कोणत्या बाजाराच्या दिवशी, ते काही तिला आठवत नव्हतं.

"जवाई," शेवटी दौलतराव म्हणाले, "माही बायको काई तुमचं आयकनार नाई. माहं तं तिनं आजपर्यंत आयकलं नाई."

*

बारा वाजता नव्या घागरीवर खरबूज ठेवून पूजा झाली. चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांचा घास पडला. सुप्रिया हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. दरवर्षीचंच लुगडं, पण यंदा त्याला दोन निऱ्या जास्त पडल्या होत्या.

आधी सगळं ठरलं होतं. पानात प्रत्येक जिन्नस बोटाच्या पेराएवढा वाढायचा. रस तर नुसता टेकवायचा, कारण गोड पातळ पोटात गेलं की तिला दरदरून घाम फुटे आणि ताबडतोब आडवं व्हावं लागे. धीरजनं हे सासूला दोनदा सांगितलं होतं आणि जिजाबाईनं दोनदा मान डोलावली होती.

पण जिजाबाईच्या हातावर जिजाबाईचा ताबा नव्हता. या हातानं चाळीस वर्षं एकच काम केलं होतं. पत्रावळ समोर आल्याबरोबर तो सुटला. एक पोळी, तिच्यावर दुसरी, वर तूप, वडे, भजे, भाताची मूद, कढी, कुरडयांचा डोंगर. आत्या "वहिनी, वहिनी" म्हणेस्तोवर तिसरी पोळी पडली होती.

मग सगळे थांबले. जिजाबाईही थांबली. हातातल्या पळीकडे तिनं असं पाहिलं, जणू ती शेजारणीची होती.

"आवो, हे काय केलं तुमी?" धीरज म्हणाला.

"हात गेला," जिजाबाई म्हणाली.

"काढून घ्या मंग थोडं."

आत्यानं जीभ चावली. जावई कारंज्याचे होते, त्यांच्याकडून चूक व्हायचीच. वाढलेलं परत काढायचं म्हणजे गंगूबाईच्या तोंडचा घास काढायचा.

"तिले जाईन तेवढं जाईन," जिजाबाई पुटपुटली. "पाहून भूक लागते मानसाले." आणि मग जे तिच्या मनात होतं तेही बाहेर पडलं. "आज पोटभर जेवली ना वं पोरी, तं माह्या सासूबाई आशीर्वाद देईन. वर्साच्या आत पाळणा हालन. इतके वर्स देऊन नाई राह्यल्या, म्हंजे काईतरी कमीच पडलं असन."

सुप्रियानं समोरच्या ढिगाकडे पाहिलं. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिला एवढंच वाटलं, की इतकी वर्षं आपण रसाची पातेली खरवडली ती याच्यासाठी होती तर. आईनं दर अखजीला वाढलेली प्रत्येक पोळी हा एक अर्ज होता, आणि तो वरून नामंजूर होऊन येत होता.

तेवढ्यात पुंजाजी काठी टेकत आत आला.

गंगूबाईच्या पानासमोर पुंजाजीची जागा ठरलेली होती. तो समोर गोणपाटावर बसायचा, हात जोडायचा आणि वर्षातून एकदाच बायकोशी बोलायचा. एरवी तो तिचं नाव घेत नसे. बोलणं तरी काय, कांद्याचा भाव, विहिरीचं पाणी, कोण मेलं, कोणाचं जमलं. सुप्रियाला ते आवडायचं. तोंडात घास घोळवत ती "हं, हं" करायची, आणि कितीदा तरी तिला खरंच वाटायचं, की कांद्याचा भाव ऐकून आपल्याला बरं वाटलं.

या वर्षी पुंजाजी बसला, हात जोडले, वर पाहिलं आणि कांद्याचा भाव तसाच राहिला. मोतीबिंदू काढलेले डोळे. नागपूरहून आल्यापासून त्यानं नातीला नीट उजेडात पाहिलंच नव्हतं.

"अशीच दिसे," तो म्हणाला.

"कोन, आबाजी?"

"गालफडं अशीच बसले होते. आन गळ्याची कातडी अशी लोंबे. बांगड्या मनगटावर राहे नाई, कोपरापर्यंत जात."

सुप्रियाचा हात आपोआप बांगड्यांवर गेला. नागपूरहून आल्यावर जुन्या बांगड्यांना तिनं आतून दोरा गुंडाळला होता.

"बाबा, जेवू द्या तिले," आत्या म्हणाली.

"तुह्याच वक्ताची गोठ हाय, वैजे." पुंजाजीनं लेकीकडे पाहिलंही नाही. तो समोरच्या बाईशी बोलत होता. नातीशी का बायकोशी, ते त्यालाच ठाऊक. "तलावाच्या कामावर होतो आमी. बहात्तरचा दुकाळ. खडी फोडे दोघंबी. लाल मिलो ज्वारीची भाकर, आन दुपारी सरकारी पिठाची सुकडी भेटे. तुह्या वाट्याची अर्धी तू या दौलतले दे. मी पाहो. मी म्हनो, माय हाय, देईनच. मंग तुले दिवस गेले. मले लय आनंद झाला वं. कामावर गूळ वाटला मी. कोठून आनला असन तो गूळ... वाटला. मले वाटलं, लेकरू राह्यलं म्हंजे हे आतून भरलीच असन. उपाशी आंगात कोठी लेकरू राह्यते? अशी अक्कल आपली."

चुलीवरची कढी उतू जायला आली. आत्यानं ती उतरवली नाही.

"तू म्हने, दम नाई राह्यला. मी म्हनो, येईन. बाळंतीन झाली, दूध नाई. म्हनो, येईन. पोरीनं जे होतं ते घेतलं, आन तुह्यात काईच नव्हतं उरलं. पोरगी जगली." तो थांबला. "तुले काय इचाराचं होतं, ते मी गूळ वाटाच्या आंधी इचाराले पाह्यजे होतं."

वैजयंती आत्या उंचीनं पाचवीतल्या पोरीएवढी होती. घरात तिला सगळे 'सुकडी' म्हणत आणि तीही हसायची. तिच्या लग्नात कुणीतरी नवरदेवाला म्हणालं होतं, खिशात घालून ने. या घरात तिच्या उंचीवर जितके विनोद झाले होते तितके दुसऱ्या कशावरच झाले नव्हते. आता झाऱ्या हातात धरून ती आपल्याच मनगटाकडे पाहत उभी राहिली. दौलतराव खांबाकडे तोंड करून उभे होते. अर्धी सुकडी खाल्लेला मुलगा तो हाच.

सुप्रियाला नागपूरच्या डॉक्टरबाई आठवल्या, त्यांचा स्वच्छ टेबल, त्यावरचं पोटाचं रबरी मॉडेल. त्या हेच म्हणाल्या होत्या. चांगल्या मराठीत म्हणाल्या होत्या आणि तिनं मान हलवली होती. पण तिथं ते कानापर्यंतच आलं होतं. इथं समोर तुपाच्या पोळ्या होत्या, आंब्याचा वास होता, आणि इतक्या अन्नापुढे बसून ती उपाशी बाईसारखी दिसत होती.

आणि लेकरू तर तिला हवंच होतं. या क्षणीही हवं होतं. आत्याच्या त्या मनगटाकडे पाहताना तर जास्तच.

पुंजाजीनं डोळे पुसले आणि दर अखजीला शेवटी विचारायचा तो प्रश्न, पान अजून शिवलंही नसताना, विचारला.

"पोट भरलं का वं?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. भरलं म्हणायचं, मग सगळ्यांनी पाया पडायचं. जिजाबाई तर पदर सावरून तयारच झाली होती.

"नाई भरलं," सुप्रिया म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "अजून नाई भरलं. टाईम लागन. पुढची अखजी जाऊ द्या, मंग लेकराचं पाहू. तोपर्यंत कोनं काई म्हनाचं नाई, कोनं गूळ वाटाचा नाई."

"हे कोन बोलून राह्यलं?" जिजाबाई म्हणाली. "तू का सासूबाई?"

"बसवलं तं तूनंच मले. तूच सांग."

जिजाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आपल्याला सासुरवास नव्हता, हे ती चाळीस वर्षं अभिमानानं सांगत आली होती. सासू फोटोत, तीही जुन्या रेशनकार्डावरच्या अंगठ्याच्या ठशाएवढी पुसट. ती बाई आज पहिल्यांदा सुनेला काही सांगत होती, आणि उलटून बोलायची सोय नव्हती.

"बसल्या जागेचा फायदा घेते व्हय," ती शेवटी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. ती लेकीजवळ खाली बसली. "आन वर्सभर थांबून नाई राह्यलं तं? मंग काय करशीन? मले तं तेवढंच भेव हाय वं. दुसरं काई नाई."

"मलेबी तेच हाय."

"मंग?"

"मंग तवा रडू दोघी. आज भेवापायी कायले..." पुढचं तिला सांगता येईना. पुंजाजी समोर बसला होता.

धीरज दारात उभा होता. सगळे बोलून झाल्यावर बोलायची त्याची पद्धत होती, तशी त्यानं पाळली. "कारंज्याले आईले मी सांगतो."

"फोनवर?" सुप्रियानं विचारलं.

"फोनवर... नाई. समोर."

"माह्या समोर का?"

"तुह्या समोर." आणि मग, हे आयुष्यात पहिल्यांदाच, त्यानं आणखी एक वाक्य न विचारता बोलून टाकलं. "तिले आवडनार नाई. नाई आवडलं तं नाई."

जिजाबाईनं जावयाकडे जरा नव्या नजरेनं पाहिलं.

आता प्रश्न पानाचा होता. निर्णय झाला म्हणून पोळ्या कमी झाल्या नव्हत्या. सुप्रियानं पोळीचा नखाएवढा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि तो चावून चावून पाणी होईपर्यंत गिळला नाही. मग थांबली. चमचाभर भात. मग पुन्हा थांबली. सगळं घर तिच्या जबड्याकडे पाहत होतं. ओसरीवर दौलतरावांच्या पोटातून स्पष्ट आवाज आला आणि त्यांनी तो खोकल्यात दडवला.

"बाबा, तुमाले साखर हाय. चहा तरी घ्या," आत्या पुंजाजीला म्हणाली.

"सवाशीन उठली का?"

"नाई."

"मंग कायचा चहा?"

"संध्याकाळ होईन, आबाजी," सुप्रिया म्हणाली. "समदं तं जानारच नाई मले. थोडंथोडं करून जेवढं जाईन तेवढं."

"होऊ दे संध्याकाळ. राह्यलं तं राहू दे."

आत्यानं उतू गेलेली कढी उतरवली आणि झाकून ठेवली. धीरजनं चप्पल काढून भिंतीला टेकत बैठक मारली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, पाटापर्यंत आलं, मागे सरकलं. कुणी उठलं नाही. जिजाबाई पदरानं लेकीच्या पानावरच्या माशा वारत बसली होती. या बाईनं मुलीला जन्मभर 'जेव लवकर, निवून राह्यलं' एवढंच सांगितलं होतं. एकदा तिनं सवयीनं पोळ्यांचं भांडं उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि मागं ठेवून दिलं.

"बारीक चाव," ती म्हणाली. "घाई नोको करू. आमी हावो बसून."